मामांच्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा: कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, कोरेगाव

गाडी २०१४ ची, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर. एमएच-१२ पासिंग, मामांनी पुण्याहून सेकंड हँड घेतलेली. रनिंग ९४ हजारांच्या पुढं. तक्रार एकच: मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा. स्कॅनर लावून घालवला की जातो, आठवडाभरात परत लागतो. ॲव्हरेज पूर्वी १७ मिळायचं, आता १३ च्या वर जात नाही. ओढायला कमी नाही, मिसिंग नाही, सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते.

आजवर बदललेलं: प्लग, एअर फिल्टर, पुढचा ऑक्सिजन सेन्सर. थ्रॉटल बॉडी साफ केलेली. हे सगळं एका गॅरेजमध्ये झालं, बिलं मामांनी फाइलला लावून ठेवलीत. मागच्या खेपेला तिथं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, बदलायला सांगितलं. तो आकडा ऐकून मामा गाडी विकायचं बोलायला लागले. म्हटलं, मामा, विकायच्या आधी थोडे दिवस माझ्याकडं ठेवा. "ठेव की. पण ऊस तुटायच्या आत दे, मला शेताकडं जायाला लागती."

दिवा स्थिर आहे. लुकलुकत असता तर साताऱ्यापर्यंत चालवत आणलीच नसती. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर चालू आहे, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतंय आणि तो वितळू शकतो.

९ नोव्हेंबर, रात्री

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला ईएलएम३२७, म्हणजे कोड वाचायचं छोटं यंत्र, लावला. ब्लूटूथवर फोनशी जोडला. लगेच बोलला.

गाडी पुण्याची आहे हे इथं कामाला आलं. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नियम, आधी मोजक्या मोठ्या शहरांत लागू झालं, आपल्या बाजूला पुणे आणि सोलापूर. सातारा तेव्हा त्यात नव्हता. बीएस-४ गाड्यांना पुढं एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२, म्हणजे गाडीनं स्वतःचे दोष तपासून नोंदवायची पद्धत, सक्तीचं झालं. म्हणून या गाडीतून नुसता कोड नाही, चालू आकडेही वाचता येतात.

कोड एकच: पी०१७१. मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त. पी०४२० नाही, पेंडिंगमध्ये, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या कोडांत, सुद्धा नाही. कन्व्हर्टर काम करेनासा झाला की येणारा कोड तो. तो नसताना कन्व्हर्टर बदलायचा सल्ला कशावरून दिला, मला कळत नाही.

दिवा लागला त्या क्षणाचे आकडे कंप्युटर जपून ठेवतो, त्याला फ्रीज फ्रेम म्हणतात. त्यात वेग ०, आरपीएम ७८०, पाण्याचं तापमान ८६ अंश. म्हणजे गाडी पूर्ण गरम आणि जागेवर उभी होती. मामांना फोन करून विचारलं. म्हणाले, "उसाच्या ट्रॅक्टरमागं थांबलो असंन. सध्या रस्त्याला दुसरं हाय काय?"

कोड पुसलेला नाही. पुसला की ही फ्रेमही जाते.

१६ नोव्हेंबर, सातारा

आजचं सगळं काम फ्युएल ट्रिमचं. कंप्युटरकडं पेट्रोल किती टाकायचं याचं कारखान्यातून आलेलं एक माप असतं. पुढचा ऑक्सिजन सेन्सर धुरात ऑक्सिजन उरलाय की नाही ते सांगतो, आणि त्यावरून कंप्युटर त्या मापात टक्केवारीनं वाढ किंवा कपात करतो. क्षणाक्षणाची दुरुस्ती ती शॉर्ट टर्म, मुरलेली ती लाँग टर्म. दोन्हींची बेरीज पाच-सातच्या आत असेल तर मी काळजी करत नाही.

गरम इंजिन, स्लोला (ॲक्सिलेटर न दाबता): लाँग टर्म +१७, शॉर्ट टर्म +५ च्या आसपास. बेरीज २२.
जागेवरच २५०० आरपीएमला धरून: बेरीज +१२.

बावीस टक्के पेट्रोल जास्त टाकावं तेव्हा कुठं सेन्सरपाशी हिशेब बसतोय. ॲव्हरेज कुठं गेलं त्याचं उत्तर या एका आकड्यात आहे. कारण अजून नाही.

सेन्सर खोटं बोलतोय का तेही पाहून घेतलं. झटकन रेस दिली तर व्होल्टेज ०.८५ वर, सोडली तर ०.१ च्या खाली, आणि स्लोला परत वर-खाली हलू लागला. सेन्सर जिवंत आहे. तो बदलल्यानं दिवा गेला नाही याचंही नवल नाही. नळीत ऑक्सिजन आहे एवढंच त्याला कळतं. तो कुठून आला हे त्याला कळायचा मार्ग नाही.

१८ नोव्हेंबर

पी०१७१ म्हटलं की जो तो सांगतो, व्हॅक्यूमची नळी फुटली असेल. कामावरच्या दोघांनीही हेच सांगितलं. बऱ्याच गाड्यांत ते खरं असतं, पण या गाडीत हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर नाही. इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांतला, दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. थ्रॉटलच्या, म्हणजे हवेच्या झडपेच्या, पुढं फटीतून हवा शिरली तर दाब वाढतो, वाढलेला दाब कंप्युटरला दिसतो आणि तो त्या हिशेबानं पेट्रोलही टाकतो. स्लो चढतो, मिश्रण मात्र जवळपास बरोबर राहतं.

नुसतं म्हणून सोडलं नाही. एक बारीक व्हॅक्यूम नळी मुद्दाम काढून पाहिली. आरपीएम ७८० वरून ११०० च्या पुढं, मॅप ३४ वरून ४२ किलोपास्कलला. ट्रिम जिथल्या तिथं. नळी परत लावली, स्लो ७८० ला आला. एकाच सिलिंडरच्या तोंडाशी गळती असती तर गोष्ट वेगळी झाली असती, पण मग गाडी स्लोला थरथरली असती. ही थरथरत नाही.

व्हॅक्यूम बाद.

२३ नोव्हेंबर, यवतेश्वर घाट आणि कास

दोन गोष्टी बघायच्या होत्या. एक, मॅप सेन्सर स्वतः बरोबर आहे का. दोन, इंजिनावर लोड आला की ट्रिम कुठं जातात.

मॅप सेन्सर तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही. चावी ऑन, इंजिन बंद. तेव्हा मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्याच हवेचा दाब असतो आणि सेन्सरनं तोच दाखवायला हवा. समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कल. सातारा सातशे मीटरच्या वर, म्हणून इथं ९३ च्या आसपास. घरासमोर ९३ आला. कासच्या पठारावर, साधारण १२०० मीटरवर, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं आणि चावी ऑन केली: ८८. हिशेबानं तिथं तेवढाच यायला हवा. सेन्सर सरळ आहे. फुलांचा हंगाम सरल्यामुळं रस्ता मोकळा होता, कुणाला अडचण न करता थांबता आलं.

लोडचे आकडे यवतेश्वरच्या चढाला घेतले. धाकटा भाऊ फोन धरून बाजूला बसला, मी तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलेटर अर्ध्यापर्यंतच. पूर्ण दाबला की कंप्युटर सेन्सरचं ऐकणं सोडून मुद्दाम जास्तीचं पेट्रोल टाकतो, मग आकड्यांना अर्थ राहत नाही.

चढाला बेरीज +७.

हे फार महत्त्वाचं. पंप थकला असता, फिल्टर चोंदला असता किंवा इंजेक्टर तुंबले असते तर जास्त पेट्रोल मागितल्यावर तूट वाढली असती. घाटात ट्रिम २२ च्या वर जाऊन गाडी दम टाकायला लागली असती. इथं उलट आहे. स्लोला २२, रेसला १२, चढाला ७. इंजिनातून जितका जास्त वायू वाहतो तितकी चूक छोटी होते. म्हणजे कुठून तरी थोडीशी, जवळपास ठरावीक हवा मिसळतेय. प्रवाह कमी असताना तिचा वाटा मोठा दिसतो, प्रवाह वाढला की ती त्यात लपून जाते.

आणि इनटेकची बाजू तर मंगळवारीच बाद झालीय.

२५ नोव्हेंबर

एमआयडीसीतल्या ओळखीच्या मिस्त्रींकडं पेट्रोलचा दाब बघून घेतला. घाटातल्या आकड्यांनंतर गरज नव्हती, पण पुढं कुणी "पंप बघितला का" असं विचारायला नको. ३ बार, रेस दिली तरी सुई हलली नाही.

२७ नोव्हेंबर

आतेबहिणीचं लग्न. गाडीला हात नाही.

३० नोव्हेंबर

प्लग काढले. चारही काळे, कोरड्या काजळीनं भरलेले.

कोड म्हणतो मिश्रण पातळ. पातळ मिश्रणानं प्लगची टोकं पांढरट, भाजल्यासारखी दिसायला हवीत. हे तर जास्त पेट्रोलवर चाललेल्या इंजिनाचे प्लग आहेत. बदलून फार दिवसही झालेले नाहीत, त्यामुळं जुनी काजळी म्हणता येत नाही.

कोड आणि प्लग दोन्ही खरे धरले तर एकच चित्र उरतं. सिलिंडरच्या आत पेट्रोल खरोखर जास्त आहे. पण सिलिंडर आणि सेन्सर यांच्या मधे, एक्झॉस्टच्या नळीत, बाहेरची हवा शिरतेय. सेन्सर ती हवा मोजतो, कंप्युटर पेट्रोल वाढवतो, वाढवत राहतो.

दाबानं बाहेर पडणाऱ्या धुराच्या नळीत हवा आत कशी शिरेल, असं भावानं विचारलं. प्रश्न बरोबर आहे. धूर सलग वाहत नाही, एकेका सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडेल तसा धक्क्याधक्क्यानं येतो. धक्का पुढं गेला की त्याच्या मागं क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. तेवढ्यात फटीतून हवा ओढली जाते. स्लोला धक्के लांब लांब आणि वायू थोडा, म्हणून तिथं चूक सर्वांत मोठी. घाटात वायू भरपूर, म्हणून छोटी. स्लो, रेस आणि चढाचे तिन्ही आकडे या एका गोष्टीनं जुळतात.

मामांनी दिलेलं पीयूसी सर्टिफिकेटही पाहिलं. सप्टेंबरमधलं, पास. या गाडीला स्लोला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे आणि ती सहज आत होती. "पीयूसी पास झालीया म्हंजी पेट्रोल बरोबर जळतंय," असं मामा म्हणत होते. इंजिनात ते तसं नसलं तरी शेपटीकडं आकडा चांगला येऊ शकतो. सेन्सरपाशी एकूण हिशेब बरोबर बसेल इतकंच पेट्रोल कंप्युटर टाकतो, आणि फटीतून आलेल्या त्याच हवेवर कन्व्हर्टर उरलेला कार्बन मोनॉक्साइड जाळून टाकतो. ज्या कन्व्हर्टरला दोष दिला गेला तो इतके महिने दुप्पट राबतोय. तो वाचवायचा तर हे काम लवकर व्हायला हवं.

६ डिसेंबर, कोरेगाव, सकाळी सहा

गाडी मुद्दाम काल रात्री मामांच्या दारात नेऊन लावली. पहाटे चांगलीच थंडी. बॉनेट उघडून उभा राहिलो आणि मामांना सेल्फ मारायला सांगितला.

टिक टिक टिक, पत्र्यावर नखानं टिचक्या मारल्यासारखं. रेस वाढवली की वेग वाढतो. आवाज इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला. चार-पाच मिनिटांत कमी होत गेला आणि मग गेलाच.

मामा म्हणाले, "थंडीत वाजती ती तशी. गेल्या सालापासनं."

फट एक्झॉस्ट मॅनिफोल्डला असणार, म्हणजे चारही सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या भागाला. तो तापला की धातू फुगतो, फट दबते, आवाज बंद होतो. पण फट पूर्ण मिटत नाही, हवा ओढण्यापुरती उरते. कोरेगावहून गॅरेजपर्यंत अठरा-वीस किलोमीटर गाडी चालत जाते, पोचते तेव्हा तापलेली असते. हा आवाज मामांच्या अंगणाबाहेर कुणी ऐकलाच नव्हता. मिस्त्रींना फोनवर सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "दादा, मॅनिफोल्डचं पॅकिंग उडालंय. गाडी रात्री माझ्याकडं लावा, गार असताना बघू."

७ डिसेंबर, एमआयडीसी

खात्री करायची मिस्त्रींची पद्धत मला फार आवडली. इंजिन बंद आणि पूर्ण गार. सायलेन्सरच्या शेपटीत ब्लोअरचा पाइप घातला, भोवती ओलं फडकं आवळून बांधलं, ब्लोअर चालू. मग उष्णता अडवणारा पत्रा काढून मॅनिफोल्डच्या जोडावर साबणाचं पाणी ब्रशनं लावत गेले.

एक, दोन, तीन नंबरच्या तोंडाशी काही नाही. चार नंबरच्या बाहेरच्या कडेला फेस उसळून आला. तिथंच हेडवर, म्हणजे मॅनिफोल्ड ज्याला जोडलेला असतो त्या इंजिनाच्या वरच्या भागावर, काळी रेघ होती, धुराची. आरसा धरून पाहिलं तर त्या टोकाच्या स्टडवर (मॅनिफोल्ड धरून ठेवणारा आट्यांचा दांडा) नटच नाही, स्टडच निम्मा मोडलेला.

टोकाचाच स्टड का मोडतो, तेही मिस्त्रींनी सांगितलं. मॅनिफोल्ड लोखंडी, हेड ॲल्युमिनियमचं. दोन्ही सारखे फुगत नाहीत. मधे सरक कमी, टोकाला जास्त, आणि हजारो वेळा तापून-निवून टोकाचा स्टड आधी तुटतो. मग पॅकिंगवरची पकड जाते आणि ते जळतं.

१३ डिसेंबर

मॅनिफोल्ड उतरवला. आदल्या रात्रीच सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, तरी अजून एक स्टड हातात आला. ऑक्सिजन सेन्सर आधी सोडवून वर बांधून ठेवला, वायरला ताण नको म्हणून.

मोडलेले तुकडे काढायला ड्रिल लावायचं नाही यावर मिस्त्री ठाम होते. स्टड कडक, हेड मऊ, ड्रिल घसरलं की हेडचं भोक वाकडं. त्यांनी उरलेल्या ठोंब्यावर नट ठेवून आतून वेल्ड मारला. वेल्डच्या तापानं गंजाची पकड सुटते आणि पाना लावायला नटही मिळतो. एक लगेच फिरला. दुसऱ्याला तीन नट लागले, पण आला. आटे शाबूत. हे काम पाहत उभं राहण्यात सकाळ गेली आणि ती मला सत्कारणी लागलेली वाटते. या हाताचं मोल कुठल्याच बिलात नीट लिहिलं जात नाही.

पॅकिंग चार नंबरपाशी जळून पातळ झालेलं. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळपट्टी ठेवली. मधे ठीक, टोकाला फिलर गेजचं ०.४० मिलिमीटरचं पान आरामात गेलं. असाच बसवला असता तर नवीन पॅकिंगही टिकलं नसतं. तोंड ग्राइंड करायला शेजारच्या वर्कशॉपमध्ये दिला.

कन्व्हर्टर याच मॅनिफोल्डला जोडलेला आहे, म्हणून टॉर्च मारून आतली जाळी पाहून घेतली. अखंड. कुठं वितळलेली नाही.

२० डिसेंबर

तोंड सपाट होऊन आलं. नवीन स्टड, नवीन तांब्याचा मुलामा असलेले नट, स्टीलच्या पापुद्र्यांचं नवीन पॅकिंग. मधल्या नटापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, टॉर्क पान्यानं, तीन टप्प्यांत. पुन्हा ब्लोअर, पुन्हा साबणाचं पाणी. फेस नाही.

प्लग ब्रशनं साफ करून तेच लावले. कोड आज पुसला, फ्रेमचा फोटो काढून ठेवल्यावर.

एकूण खर्च कन्व्हर्टरच्या सांगितलेल्या किमतीच्या दहाव्या हिश्शाच्याही आत. यात मिस्त्रींची मजुरी धरली आहे.

२१ डिसेंबर

पहाटे गार इंजिन चालू केलं. टिकटिक नाही.

कोड पुसला की लाँग टर्मही शून्यावर येते आणि कंप्युटर पहिल्यापासून शिकायला लागतो. म्हणूनच प्रत्येक वेळी गॅरेजमधून बाहेर पडताना दिवा विझलेला असायचा. शिवाय ही खोड सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय कंप्युटर दिवा लावत नाही. आजचे आकडे चांगले आले तरी त्यावर विसंबणार नाही. गाडी मामांकडं दिली, रोजच्यासारखी वापरा म्हटलं.

२८ डिसेंबर, कोरेगाव

आठवड्याच्या वापरानंतर, गरम इंजिन:
स्लोला +७. २५०० ला +६. रहिमतपूर रस्त्याला चौथ्या गिअरमध्ये +७.

तिन्ही ठिकाणी जवळपास एकच आकडा. गळती मिटली. पण हा सरसकट +७ शून्याकडं का येत नाही? घाटातही तोच होता, म्हणजे तो गळतीचा नव्हताच.

संशय पेट्रोलवर. मापाच्या काचनळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घेऊन, हलवून, उभी ठेवली, अंगणात, चुलीपासून लांब. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर १० वरून २८ मिलीवर आला. नव्वदात अठरा, म्हणजे २० टक्के. पंपावर लिहिल्याप्रमाणं बरोबर ई-२०.

इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ च. ई-२० ला साडेतेरा. तितक्याच हवेसाठी इंधन थोडं जास्त टाकावं लागतं आणि २०१४ चं माप जुन्या पेट्रोलसाठी आखलेलं आहे. हा +७ तिथून येतो. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. मात्र माझा अंदाज असा, की ट्रिमची जागा इथेनॉलनं आधीच थोडी खाल्ली होती, आणि वर गळतीची भर पडली तेव्हा बेरीज दिवा लागण्याच्या मर्यादेपलीकडं गेली. टिकटिक गेल्या वर्षापासूनची, दिवा त्यामानानं अलीकडचा, हेही त्यानं जुळतं.

४ जानेवारी २०२६

कोड नाही, पेंडिंगमध्येही नाही. ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिस्ट (कन्व्हर्टर), दोन्ही मॉनिटर, म्हणजे कंप्युटरच्या स्वतःच्या तपासण्या, पूर्ण आणि पास. मागचा सेन्सर ०.७ व्होल्टजवळ शांत उभा, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करतोय. प्लग एकदा काढून पाहिले, टोकं तांबूस-करडी. टाकी फुल ते टाकी फुल हिशेबानं ॲव्हरेज १६. ई-२० वर याहून जास्त मी धरत नाही.

राहिलेली कामं: टाकीपासून इंजिनापर्यंतच्या रबरी पेट्रोल नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या घालायच्या, फेब्रुवारीत. आणि मॅनिफोल्डचे नट हजार किलोमीटरनंतर गार असताना एकदा टॉर्क पान्यानं तपासायचे.

मामांनी गाडी विकायचा विषय काढलेला नाही. फेब्रुवारीत नळ्यांसाठी गाडी परत लागेल म्हटल्यावर एवढंच म्हणाले, "ऊस गेल्यावर ने."